ब्लॉक हीटरचा प्लग

मंडळी, हा ग्रुप माझे बाबा वाचत नाहीत, म्हणून इथे लिहितोय.

आज सकाळी इथे ट्रॉय शहरात उणे बावीस अंश होतं. विकायला काढलेली माझी जुनी डिझेल फोर बाय फोर गाडी बघायला एक जण येणार होता. एवढ्या थंडीत ती तशीच सुरू होत नाही. इंजिन गरम राहावं म्हणून रात्रभर ब्लॉक हीटर लावून ठेवावा लागतो. काल संध्याकाळी मी स्वतः लावला होता.

तो आला. मी चावी फिरवली. इंजिन दोनदा कण्हलं, तिसऱ्या वेळी बॅटरीच बसली. तो सॉरी म्हणून निघून गेला. आधी गाडी बघून गेलेले दोघे तर आता फोनही उचलत नाहीत.

गॅरेजमध्ये गेलो तर हीटरचा प्लग काढलेला, वायर नीट गुंडाळून ठेवलेली. बाबांचं काम. ते सध्या माझ्याकडे राहायला आलेत. नागपूरला ते झोपण्याआधी घरातली सगळी बटणं बंद करत फिरतात. इथे प्लगला बटणं नाहीत, म्हणून प्लगच काढतात.

ते दारात उभे होते. "काय झालं रे?"

"बॅटरी जुनी झाली, बाबा."

"मग विकतोयस तेच बरं. आता छान नवीन घे."

मी मान हलवली. माझी नोकरी गेली आहे आणि व्हिसाच्या नियमाप्रमाणे हा देश सोडायला अठरा दिवस उरलेत, हे त्यांना माहीत नाही. उद्या थंडी आणखी वाढणार आहे.

तुमच्यापैकी कोणी हे घरी सांगितलंय का? पहिलं वाक्य काय होतं?