वडिलांच्या नावाचा रकाना

परवा पोस्टात शिक्क्याच्या शाईचा वास आला आणि मी एकदम दिंडोरीच्या आमच्या मदत केंद्रात पोचले. द्राक्षबागांतल्या मजुरांच्या मुलांना आमची संस्था दूध आणि औषधं द्यायची. त्यांचे अर्ज भरणं हे माझं काम.

त्या दुपारी सुरगाण्याहून मजुरीला आलेली हौसा, तापानं फणफणलेली मुलगी मांडीवर घेऊन माझ्यासमोर बसली होती. तिच्या लुगड्याला फवारणीचा उग्र वास येत होता.

“मुलीच्या वडिलांचं नाव?”

“नको लिवू, ताई. त्यानं पोरीला टाकलं. मी हाय ना!”

मागून आमच्या केंद्राचे साहेब म्हणाले, “तो रकाना रिकामा असेल तर अर्ज बाद करा.”

माझी नोकरी नवी होती. तरी मी ‘वडिलांचे’ हा शब्द खोडून ‘आईचे’ लिहिलं, पुढे ‘हौसा’ लिहिलं आणि शिक्का मारला.

“रकाना भरलाय, साहेब. बाद करायचा तर तुमच्या सहीनं करा.”

साहेबांनी मुलीकडे पाहिलं आणि अर्ज पुढे पाठवला.

आपण फार उद्धटपणा केला, असं तेव्हा वाटलं होतं. आज वाटतं, कमीच केला. टेबलावर कोऱ्या अर्जांचा गठ्ठा पडला होता. सगळ्यांवरचा तो शब्द तेव्हाच खोडायला हवा होता.