बोडिलबाईंचं उपाशी यीस्ट

बोडिलबाईंच्या यीस्टला मी जेवू घातलं.

सकाळी चंबू उघडून पाहिला तर आत नुसतं पांचट पाणी. मी बियरच्या कारखान्यातून इथे आलेला. तिकडे यीस्ट उपाशी ठेवणं म्हणजे पाप. बाई विसरल्या असतील म्हणून मायेनं साखरेचं पौष्टिक पाणी ओतलं आणि शीळ घालत कॉफीला गेलो.

आमच्या कोपनहेगनच्या प्रयोगशाळेत बोडिल राउनकिल्ड वर्षानुवर्षं एकाच जनुकामागे लागलेल्या. पोटभर खाल्लेलं यीस्ट नुसते अंकुर फोडत बसतं. उपाशी पडलं, की डीएनएची एक प्रत काढून त्याचे चार बीजाणू करतं. बाईंचं म्हणणं, या उपासातल्या प्रतीचा हुकूम सोडणारं जनुक वेगळं. ते मोडलं तर यीस्ट एरवी छान वाढतं, पण उपासातली प्रत काढताना अडून बसतं.

“प्रत ती प्रत, बोडिल! उपाशी काय नि जेवलेली काय!” आमचे प्रमुख प्रेबेन चिडवायचे.

“मोजून दाखवते,” बाई म्हणायच्या.

पेशीतला डीएनए मोजायचं यंत्र तळघरात, त्याला ही रांग. बाईंना मिळाला होता तो नेमका हाच दिवस. आणि शुक्रवारी त्या निवृत्त होणार.

बाईंनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. “हे अंकुर कुठून आले? कोणी खायला घातलं यांना?”

“मी, बोडिलबाई. फार अशक्त वाटले हो...”

प्रेबेन खो खो हसले. “अरे, पाहुणे आलेत का घरी?”

बाईंनी चंबू धुऊन पालथा घातला. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

आमच्याकडे घोळ घालणाऱ्यानं सगळ्यांना केक खिलवायचा असतो. मी दोन आणले. मंडळींनी मिटक्या मारत खाल्ले.

यंत्र पुन्हा मिळालं ते शुक्रवारी दुपारी, ऐन निरोपसमारंभाच्या वेळेला. वर बाईंवर रचलेलं गाणं सगळे बाईंशिवायच गात होते. मी केकची बशी घेऊन तळघरात उतरलो आणि दारातच घुटमळलो. पडद्यावर साध्या उपाशी यीस्टचा उंचवटा उजवीकडे, दुप्पट डीएनएकडे सरकलेला, बाईंच्या जनुक मोडलेल्या यीस्टचा जागचा हललेला नव्हता.

“बाई, तुमचंच खरं झालं!”

“अजून दोन नळ्या आहेत.”

मला मान वर करवेना. “माझ्यामुळे तुमचा समारंभ... काय देऊ मी तुम्हाला आता?”

“काही देऊ नकोस, दार बाहेरून लाव.”