तलवारीशेजारची बाई

दुबईच्या देरा भागातल्या एका क्लिनिकमध्ये मी बारा वर्षं एक्स-रे काढते. गेल्या रमजानच्या आधी एक इराणी आजोबा कंबरेचा एक्स-रे काढायला आले. सोबत पन्नाशी ओलांडलेली मुलगी. त्यांना फारसीशिवाय काही येत नव्हतं. ती मात्र लग्नापासून दुबईत, हिंदी फाडफाड बोलायची.

स्क्रीनवर हाडं दिसली तसे आजोबा जवळ सरकले.

"बाबा विचारतायत, नुसत्या हाडांवरून बाई की पुरुष ते कळतं का?"

"कंबरेवरून बऱ्याचदा कळतं," मी म्हटलं.

त्यांनी पाकिटातून एक जुना फोटो काढला. खड्ड्यात उताणा सांगाडा, बाजूला लांब तलवार. पूर्वी ते इराणात उत्खननावर कामाला होते. हा म्हणे दोन हजार वर्षांपूर्वीचा सैनिक. पण तशाच दुसऱ्या एका थडग्यातला तलवारवाला सैनिक तपासणीत बाई निघाला, असं त्यांच्या कानावर आलं होतं. तेव्हापासून त्यांना चैन नव्हतं.

मी फोटो दिव्याखाली धरला. रुंद, उथळ कंबर. पुढच्या हाडांमधला कोन चांगला मोठा. बायकांच्या एक्स-रेत रोज बघते मी हे.

"फोटोवरून छातीठोकपणे नाही सांगता येणार," मी अडखळले, "पण मला ही बाई वाटते."

मुलीने ते सांगताच आजोबा मटकन स्टुलावर बसले. मग एकसारखे बोलत सुटले. ती ऐकत राहिली, भाषांतर करायचंच विसरली.

"काय म्हणतायत?"

"म्हणतायत, आम्ही तलवार बघितली आणि पुरुष लिहून मोकळे झालो." मग ती स्वतःचंच सांगू लागली. "मी पंधरा वर्षांची होते. त्यांचा डबा घेऊन तिथे गेले होते. मला बघायचं होतं. बाबा सगळ्यांसमोर ओरडले, सैनिकाची जागा आहे ही, पोरींचं इथे काय काम! तो खड्डा हाच होता, हे आज सांगतायत."

ती तडक बाहेर गेली. आजोबा दाराकडे बघत बसले. मला फारसी येत नव्हती; मी फोटो त्यांच्या हातात परत ठेवला. पुढच्या पेशंटने दोनदा दार वाजवलं.

पाच मिनिटांनी ती परत आली. डोळे लाल. वडिलांच्या हातातला फोटो घेऊन तिने तो पहिल्यांदाच नीट, खूप वेळ पाहिला.

"रिपोर्ट चार वाजता मिळेल," मी कशीबशी म्हणाले.