बिनकिडीच्या वांग्यांचा जबाब

ती घटना आठवली की आजही माझी मान खाली जाते. नोकरीत दरोडे उघडकीस आणले, खुनी पकडले. त्या गोष्टी मी नातवंडांना रंगवून सांगतो. ही मात्र घरात कुणालाच सांगितलेली नाही.

दोन हजार नऊ साल संपत आलं होतं. मी मीरा-भाईंदरमधल्या एका पोलीस ठाण्यात सहायक निरीक्षक होतो. टीव्हीवर रोज बीटी वांग्यावरून हमरीतुमरी चालायची. एका जिवाणूचं जनुक वांग्यात घातलं की अळी ते खाऊन मरते, फवारणी वाचते, असं एक बाजू सांगायची. माणसाच्या पोटाचं काय आणि बियाण्यासाठी शेतकऱ्याने दरवर्षी कंपनीच्या दारात उभं राहायचं का, असं दुसरी बाजू विचारायची. ठाण्यात दुपारी डबे उघडले की आमच्यातही दोन तट पडायचे.

अशात शांती नगरातल्या एका सोसायटीत चौघांना उलट्या झाल्या. चौघांच्याही घरी आदल्या दिवशी वांग्याचं भरीत झालं होतं. ‘आम्हाला बीटी वांगी चोरून विकली जात आहेत,’ असा सह्यांचा अर्ज आला. पाठोपाठ माझा खबरी आला. तो स्वतः मार्केटातलाच भाजीवाला. म्हणाला, “साहब, वो गोडदेववाली मौसी के बैंगन में कभी कीड़ा नहीं निकलता. सबके में निकलता है, उसके में क्यों नहीं?”

मला मुद्दा पटला. शेजारच्या धंदेवाल्याची खबर आधी चाळून घ्यावी, हे मी नव्या पोरांना शिकवायचो. त्या दिवशी मीच ते विसरलो.

बाई पन्नाशीची, गोडदेवच्या जुन्या शेतकरी घरातली. भाताची जमीन इमारतींखाली गेलेली, विहिरीकाठचा एक तुकडा उरलेला. त्यात ती वांगी लावायची आणि मार्केटच्या तोंडाशी सासूच्या जागेवर बसून विकायची. टोपलीसकट तिला ठाण्यात आणलं. शेजारी महिला शिपाई बसवली आणि विचारपूस सुरू केली.

“ए बाई, तुझ्या वांग्यांत कीड का नाही?”

“निवडून आनते, साहेब.”

“मग किडकी कुठे जातात?”

ती एकदम गप्प झाली आणि पदराशी चाळा करू लागली. माणूस गप्प बसला की कुठेतरी पाणी मुरतंय, हे आमचं ठरलेलं गणित. तासभर तोच प्रश्न फिरवून फिरवून विचारला. शेवटी मी म्हणालो, “तुझ्या मुलीला बोलावू का ठाण्यात?”

मुलीचं लग्न नुकतंच ठरलं होतं, हे मला माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच बोललो.

“नको साहेब. तुमी म्हनता तशीच हायत वांगी.”

मी झरझर जबाब लिहिला: ‘मी बीटी जातीची वांगी जाणूनबुजून विकत होते.’ तिने अंगठा उठवला. मग शाई पुसत हळूच विचारलं, “साहेब, बीटी म्हंजे काय वो?”

“आता साळसूदपणा नको,” मी खेकसलो. महिला शिपायाने मान फिरवली. पोलिसासमोरच्या कबुलीला कोर्टात किंमत नसते, पण वार्ताहराला ती पुरते. बाईला संध्याकाळी घरी सोडलं. दुसऱ्या दिवशीच्या स्थानिक पेपरात टोपलीचा फोटो आला आणि टोपलीमागे मी, छाती पुढे काढून.

त्याच सकाळी बियाण्याची पाकिटं हस्तगत करायला पंच घेऊन तिच्या घरी गेलो. ओटीवर मुलगी एकटीच विळी घेऊन बसली होती. समोर भोकं पडलेल्या वांग्यांचा ढीग. किडका भाग कोरून उरलेलं ती पातेल्यात टाकत होती. मला पाहून तिने पातेलं झाकलं. “बरी बाजारात जातात, साहेब. ही आमची. आमच्या पाव्हन्यांना सांगू नका.”

माझा हवालदार रत्नागिरीचा. बाहेर आल्यावर म्हणाला, “साहेब, आमच्याकडंही हेच. चांगला आंबा पेटीत, डागी घरात. काल बोलणार होतो, पण तुमचा आवाज चढलेला.” पिकवणाऱ्या घरात हे कुणी विचारत नाही. मी पोलीस लाइनीत वाढलेला, भाजी फक्त पिशवीतून येताना पाहिलेला. कृषी अधिकाऱ्यांना फोन केला तर ते हसलेच. “अहो, ते बियाणं अजून विक्रीलाच आलं नाही. परवानगी अडकलीय.” जो माल बाजारात नव्हताच, तो विकल्याची कबुली मी घेतली होती. उलट्यांचं कारण सोसायटीच्या पाण्याच्या न धुतलेल्या टाकीत सापडलं.

अर्ज निकाली काढला. चार दिवसांनी ती ठाण्यात आली. “साहेब, कोन घेत न्हाय. वांगी बरी हायत म्हनून एक कागद लिवून द्या. टोपलीवर लावीन.”

“पोलीस असे दाखले देत नसतात,” मी म्हणालो.

नियमाला धरून होतं ते. पण खरं कारण वेगळंच. तो कागद म्हणजे माझी चूक माझ्याच सहीने, आणि माझी बढती तोंडावर आली होती. पुढच्या महिन्यात तिच्या जागेवर माझा खबरी बसू लागला. मी त्याला काही बोललो नाही. बढती झाली.

बीटी बरं की वाईट, हे मला आजही ठरवता येत नाही. एवढं मात्र कळलं, की गप्प बसलेला माणूस काहीतरी झाकत असतो हे खरं, पण पुष्कळदा ती घरची लाज असते. आणि भ्यायलेला माणूस आपण सुचवू ते कबूल करतो.

निवृत्तीनंतर माफी मागायची म्हणून तिला शोधत गेलो. पेणकरपाड्यात एका गल्लीच्या कडेला ती पालेभाजीच्या चार जुड्या घेऊन बसली होती. खूप थकली होती. मी साध्या कपड्यांत होतो, तरी तिने ओळखलं आणि घाईघाईने जुड्या टोपलीत भरायला लागली.

“बसा, मावशी,” मी म्हणालो.

“उठते साहेब,” ती म्हणाली, “लगेच उठते.”