रुळावरची पाळत

दारव्ह्याच्या जिनिंग कारखान्यात मी पस्तीस वर्षं कापसाची प्रत ठरवणारा ग्रेडर होतो. गाडी आली की कोपरापर्यंत हात आत घालायचा आणि तळातून मूठभर कापूस ओढायचा. वर पांढराशुभ्र माल, आत पाणी मारलेला किडका कापूस, म्हणजे कवडी, हे इतक्यांदा पाहिलं की पुढे माणसांनाही मी तसंच तपासायला लागलो. कोणी गोड बोललं की अजून तळ चाचपायला माझा हात शिवशिवतो.

गेल्या दिवाळीनंतर जिना चढताना छातीत दाब आला. "गॅस असन," मी म्हणालो. यवतमाळच्या डॉक्टरनं ईसीजीची पट्टी पाहिली आणि मान हलवली. "काका, हा गॅस नाही. हृदयाची नळी आवळली आहे." औषधं दिली, छातीत दुखलं तर जिभेखाली ठेवायची एक बारीक गोळी दिली आणि रोज अर्धा तास चालायला सांगितलं.

"चालून काय होते?"

डॉक्टर पोरगेलासा, तो खुललाच. चाललं की रक्त जोरानं वाहतं, नळीच्या आतल्या अस्तराला घासतं. मग ते अस्तर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सोडतं आणि नळी सैल पडते. हृदयाच्या पेशींत बारक्या भट्ट्या असतात, त्यांतून रोज थोड्या ठिणग्या उडाल्या की पेशी आग विझवायची तयारी स्वतःच वाढवून ठेवते. एक दिवस ऊर फुटेस्तोवर धावून हे होत नाही, आणि चालणं सोडलं की सगळं ओसरतं. "रोज, पण बेतानं," तो म्हणाला.

घ्या! आधी म्हणे हा गॅस नाही, आता म्हणे गॅसच पाहिजे. वरून चालायचं हे औषध फुकट. फुकट माल देणारा माणूस मी पस्तीस वर्षांत पाहिला नव्हता. "यात कवडी हाय," बसस्टँडवर मी बायकोला सांगितलं.

मी चाललो नाही. महिनाभर ती मागे लागली, भांडली, एकदा रडलीसुद्धा. मग एकदम गप्प झाली. आणि एका सकाळी खांद्याला कापडी पिशवी अडकवून निघाली.

"कुठी चालली वं?"

"येतेच जरा."

"पिशवीत काय हाय?"

"तुमाले कायले पायजे?"

एवढ्या वर्षांच्या संसारात असं उत्तर तिनं मला कधी दिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तीच वेळ, तीच पिशवी. तिसऱ्या दिवशी मी मागे निघालो.

गावाबाहेर बंद पडलेल्या छोट्या रेल्वेचे रूळ आहेत. ती त्यांच्यामधून चालत होती आणि मी पन्नास पावलं मागे, बाभळींच्या आडून. रुळांखालच्या आडव्या स्लीपरांवर पाय टाकत चालायचं म्हणजे धावता येत नाही आणि रेंगाळताही येत नाही. पहिल्या दिवशी रुळाखालच्या नाल्याच्या मोरीपाशीच माझा दम संपला. मी टेकलो, तर तीही चपलेतला खडा काढत बसली. आठवड्यानं मोरी मागे पडली. तिचा पल्ला वाढत होता आणि माझं डोकं तापत होतं. भावाला गुपचूप काही पोचवते? कोण्या बाबाच्या नादी लागली? पण तिला कोणीच भेटत नसे. रुळाकडेच्या कडुलिंबापर्यंत जायची आणि वळायची. मी गुरांच्या भुशाच्या, कुटाराच्या ढिगामागे दडायचो, आडवाटेनं घर गाठायचो आणि पेपर उघडून बसायचो.

असे तीन महिने गेले. तपासणीत डॉक्टरनं मला फिरत्या पट्ट्यावर चालवलं. "वा काका! रोज किती चालता?"

"मी कुठी चालतो?" मी म्हणालो. बायको खिडकीबाहेर पाहत होती.

दुसऱ्या सकाळी मी लपलोच नाही. लिंबापाशी तिला गाठलं. "दाखव पिशवी."

तिनं दिली. सवयीनं मी थेट तळात हात घातला. पाण्याची बाटली निघाली. आणि एका डबीत जिभेखालची ती गोळी.

"हे त माही गोळी हाय."

"मंग? तुमी मांगून येऊन राह्यलते न. रस्त्यात पडले असते त?"

"तुले मालूम होतं?"

"पैल्या दिवसापासून. तुमचा खोकला मले आयकू येत नाई का? चाला म्हटलं त चालले नाई. म्हटलं, संशयापाई तरी येईन हा माणूस." तिनं डबी माझ्या हातातून घेऊन पिशवीत ठेवली. "तीन महिने मांगं न पाहता चालली मी. तुमच्या पायाचा आवाज थांबला का माह्या जिवाचं पाणी होये."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पिशवी मी माझ्या खांद्याला अडकवली आणि म्हणालो, "चल, बरोबर चालू."

"नाई," तिनं पदरानं डोळे पुसले. "आता तुमी पुढं व्हा. मले डोयानं दिसले पायजे."

मी पुढे झालो.