निळे ठिपके आणि रेडिएटरचं दुकान

रिकामी डबी हातात घेऊन बालाजी वीस मिनिटं आमच्या लॅबच्या दारात उभा होता. शेवटी काउंटरवर वाकून हळूच म्हणाला, “मॅडम, इथं बाप्या माणूस न्हाई का कुणी?”

“आहे ना, तुम्ही,” मी म्हटलं. “आत जा, कडी लावा. मला फक्त डबी पाहिजे.”

लातूरच्या या लॅबमध्ये मी बावीस वर्षं टेक्निशियन आहे. वीर्यतपासणीला आलेला पुरुष आधीच लाजलेला असतो, समोर बाई दिसली की त्याला घाम फुटतो. त्यात बालाजीची आई बाहेर बाकावर. चाकूरजवळच्या खेड्यातली, आवाज खणखणीत. लग्नाला पाच वर्षं झाली, मूल नाही, म्हणून सून वर्षा हिच्या सगळ्या तपासण्या दोनदा झालेल्या. दोन्ही वेळा नॉर्मल. तरी सासूबाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, “अजून एक साल बघू. मग दुसरा इचार करावाच लागंल.” वर्षा शेजारीच बसली होती. फाईलची दोरी बोटाला गुंडाळत राहिली.

नवऱ्याला तपासल्याशिवाय पुढचं औषध देणार नाही, असं या वेळी तिच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं.

नमुना बघितला. शुक्राणूंचा काउंट कमी. होते त्यातले बरेचसे जागच्या जागी वळवळत होते. याला मोटिलिटी कमी म्हणतात, म्हणजे पुढे पोहत जायची ताकद नाही. असे रिपोर्ट येत असतात. पण सोबतच्या रक्ततपासणीत हिमोग्लोबिनही कमी निघालं. धडधाकट पुरुषाचं असं आलं की मी मशीनवर थांबत नाही. रक्ताचा थेंब काचेवर पसरते, रंग देते आणि मायक्रोस्कोपखाली बघते.

लाल पेशींत बारीक निळे ठिपके होते.

वाटलं, रंग नीट चढला नाही. दुसरी स्लाइड केली. पुन्हा ठिपके. पॅथॉलॉजिस्ट सरांना हाक मारली.

“रंगाची बाटली बदला,” सर न बघताच म्हणाले.

“नवीच आहे सर. सकाळी फोडली.”

मग त्यांनी डोळा लावला. बराच वेळ लावला. “शिसं असू शकतं. काम काय करतो हा?”

फॉर्मवर ‘शेती’ लिहिलं होतं. तो आईनं सांगून भरून घेतला होता. मी बाहेर गेले.

“बालाजी, शेतात काय फवारता?”

“शेती थोरला भाऊ बघतो मॅडम. मी रेडिएटर करतो.”

“म्हणजे?”

“ट्रॅक्टरचं, जीपचं रेडिएटर गळलं की डाग देतो. शिसं-कथील वितळवून. धा वर्षं झाली करायलोय.”

“दुकानाला खिडकी?”

“हाय. पर वाऱ्यानं बर्नर इझतो म्हणून बंदच असती.”

“पोट दुखतं का?”

तो चपापला. “लई. तुमाला कसं कळलं?”

बोलता बोलता त्यानं पुडी काढून तळहातावर तंबाखू मळायला घेतली. नखांत राखाडी मळ. मी म्हटलं, “थांबा. आधी साबणानं हात धुऊन या.”

शिसं असंच शिरतं, धुरातून छातीत आणि हातातून तोंडात. रक्त कमी करतं, पोट दुखवतं, शुक्राणूंची संख्या आणि चाल दोन्ही बिघडवू शकतं. खास नळीत रक्त भरून पुण्याला पाठवलं. रिपोर्ट आला. शिसं भरपूर होतं.

सरांनी तिघांना बसवून सांगितलं. सासूबाई उसळल्या. “माझ्या लेकात खोट? एका हातानं पोतं उचलतो त्यो!”

“खोट लेकात नाही. धुरात आहे,” सर म्हणाले.

“मंग धूर बंद करा की!” मग सुनेकडे वळून, “त्येचं पोट दुखतं ते तू बोलली का न्हाईस?”

“बोलले होते, आत्याबाई. तुम्ही ओवा दिला.”

सासूबाई लगेच लेकाकडे वळल्या, “त्ये डाग देणं आजपासून बंद कर.”

अडला तो बालाजी. “मॅडम, हातात हुनर त्येवढाच हाय.” दोन आठवडे तो घुटमळला. मग डाग देणं सोडलं आणि ॲल्युमिनियमचे नवे रेडिएटर बसवून द्यायला लागला. फिजिशियनचे उपचार घेतले. तंबाखूही सुटली, निम्मी त्याच्या मनानं आणि निम्मी आईच्या धाकानं. शुक्राणू तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात, त्यामुळे घाई करून उपयोग नव्हता. सहा महिन्यांनी काउंट वाढला, चालही सुधारली. पुढच्या वर्षी वर्षाला मुलगी झाली. शिसं कमी झालं म्हणूनच झाली, असं सर लिहून देणार नाहीत. मीही म्हणत नाही. सासूबाई मात्र गावभर म्हणतात.

गेल्या महिन्यात त्या शिरूर अनंतपाळच्या भाच्याला दंडाला धरून घेऊन आल्या. त्याच्याही घरी मूल नव्हतं. “मावशी, मी तर कंडक्टर हाय,” तो कळवळून सांगत होता.

“असू दे. बायकोला मागून बघू. आधी तू आत जा.”

त्याचा रिपोर्ट नॉर्मल निघाला. मग बायकोच्या तपासण्या झाल्या, तिला थायरॉइड निघाला, गोळ्या सुरू झाल्या. पण पुरुषाची तपासणी बिनदुखण्याची आणि अर्ध्या तासाची आहे. ती आधी करावी, हे आमच्याकडे डॉक्टरांच्या आधी त्या बाईला कळलं.