एकनाथरावांचे वीस यार्ड

अमेरिकेतल्या हर्नडन गावच्या एकनाथ रणदिव्यांना लोक दोन गोष्टींसाठी ओळखत. कंपनीत ते कम्प्लायन्सचे प्रमुख होते, म्हणजे बाकीचे लोक नियम पाळतात की नाही हे बघायचा त्यांना पगार मिळे. आणि पन्नाशी उलटल्यावर त्यांनी धनुष्यबाणाने हरणांची शिकार सुरू केली होती, तिथे हेच काम ते फुकट करत.

त्या भागात हरणं उदंड झालेली. बागा फस्त करायची, गाड्यांपुढे उड्या मारायची. परवाना काढून, झाडावर मचाण बांधून ती मारायला मुभा होती. शिकार करणाऱ्या पाचसहा मराठी मंडळींचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रूप होता आणि त्यावर एकनाथरावांनी नियमावली टाकून ठेवली होती. वीस यार्डांपलीकडे बाण सोडायचा नाही. हरीण आडवं, स्थिर उभं पाहिजे. चालत असेल तर हात खाली. "अवघड शॉट घेणं हे कौशल्य नव्हे, तो माज आहे," हे वाक्य त्यांनी सलग तीन सीझन वापरलं.

गेल्या वर्षी ग्रूपमधल्या गिरीशने तीस यार्डांवरून एक नर पाडला. फोटो टाकताच एकनाथरावांनी अभिनंदनाच्या आधी अंतर विचारलं आणि मग दीड पान उपदेश लिहिला. गिरीशने "ओके काका" एवढंच लिहिलं. पण त्याच नराचा खिमा त्याने मराठी मंडळाच्या पिकनिकला आणला, तेव्हा लोकांनी तीनतीनदा वाढून घेतला. एकनाथरावांनी हरणाच्या मटणासाठी घेतलेल्या मोठ्या फ्रीझरमध्ये मात्र त्यांच्या बायकोने, संध्याने, केव्हाच मेथी आणि किसलेलं खोबरं भरून टाकलं होतं. तीन सीझनमध्ये त्यांनी एकही हरीण मारलं नव्हतं, आणि याला ते संयम म्हणत.

नोव्हेंबरातल्या त्या शनिवारी सकाळी पावणेआठला मचाणासमोर एक नर आला. दहा फाट्यांची शिंगं. अंतर मोजायच्या दुर्बिणीत आकडा आला बेचाळीस. मध्ये फांद्या, हरीण चालतंय, तेही तिरपं, छाती यांच्याकडे. नियमावलीतला एकही नियम त्या हरणाने पाळला नव्हता. एकनाथरावांना गिरीशचा खिमा आठवला, आणि बाण सुटला.

हरीण पाठ वाकवून दचकलं आणि झाडीत शिरलं. खाली उतरल्यावर बाण सापडला, पार होऊन गेलेला. त्याला हिरवट काहीतरी लागलं होतं आणि वास येत होता. एकनाथराव टापटिपीचे. त्यांनी बाण ओल्या पानांनी स्वच्छ पुसला आणि मग अपर्णाला फोन लावला.

अपर्णा मेश्राम मूळची नागपूरची, प्राण्यांच्या दवाखान्यात नोकरी करणारी. ती स्वतः कधी शिकार करत नसे. पण तिच्याकडे ठेचा नावाची एक बुटकी, लांबुडकी कुत्री होती, जखमी हरणाचा माग काढण्यात पटाईत. लोकांनी अर्धवट सोडलेलं काम या दोघी पुरं करत.

ती नऊला आली. "काका, अंतर किती होतं?"

"वीस. एकवीस असेल."

"उभं होतं?"

"एकदम आडवं. फुप्फुसात बसलाय. गुलाबी, फेसाळ रक्त होतं."

"बाण बघू." तिने तो उलटसुलट केला, नाकाशी नेला. "पुसला का?"

"सवय आहे गं."

अपर्णाने त्यांच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. "हे बघा, फुप्फुसात असेल तर आत्ता जाऊ, ते जवळच पडलेलं असणार. पोटात असेल तर संध्याकाळपर्यंत हलायचं नाही. ते जवळपास बसतं आणि तिथेच जीव सोडतं. आपण मागे लागलो तर तशा अवस्थेत पळत सुटतं. म्हणून परत विचारते."

खरं सांगायला यापेक्षा सोपी संधी मिळणार नव्हती. पण बेचाळीस हा आकडा काही केल्या तोंडातून निघेना. तो गिरीशपर्यंत पोचला असता. "फुप्फुसात," एकनाथराव म्हणाले.

ठेचा निघाली. दीडशे पावलांवर पानांत हरीण बसल्याची जागा होती, अजून उबदार. तिथलं रक्त काळपट होतं आणि त्यात चघळलेलं गवत होतं. पुढे झाडी मोडल्याचा आवाज आला आणि घरांच्या दिशेने लांब लांब गेला.

अपर्णाने कुत्रीचा पट्टा आखडून घेतला. "हे पोट आहे, काका."

"असं कसं झालं कळत नाही. हरीण ऐनवेळी हललं असेल."

"चला परत. आता थांबण्याशिवाय काही नाही."

दुपारी मंडळाच्या ग्रूपवर सुचित्राने एक फोटो टाकला. ती घरं विकायचं काम करते. त्या दिवशी एका घराचं ओपन हाउस होतं, म्हणजे घर कोणालाही येऊन बघायला खुलं होतं, आणि तिने लावलेल्या पाटीशेजारी, हिरवळीवर, दहा फाट्यांचा नर बसला होता. 'जखमी आहे. कोणाचं आहे? गिऱ्हाइकं येतायत.'

एकनाथरावांनी फोन उलटा ठेवला. "कोणाचंही असू शकतं," ते संध्याला म्हणाले. "बाण तर पार गेलाय, पुरावा काही नाही."

संध्याने गाडीची किल्ली आणून त्यांच्या ताटाशेजारी ठेवली.

ते पोचले तेव्हा अपर्णा आणि एक पोलीस अधिकारी आधीच आले होते. दोन कुटुंबं किचन बघायचं सोडून खिडकीत उभी होती. हरणाने मान वर करायचा प्रयत्न केला, ती अर्ध्यात पडली. अधिकाऱ्याने विचारलं, बाण कोणी मारला? एकनाथरावांनी मीटिंगमध्ये करतात तसा हात वर केला. किती अंतरावरून?

"फॉर्टी-टू," ते म्हणाले. "चालत होतं."

अधिकाऱ्याने लिहून घेतलं, सगळ्यांना मागे सरायला सांगितलं आणि एक गोळी घातली. खिडकीतल्या एका मुलीने आईच्या कोटात तोंड लपवलं.

अपर्णाने मग ठेचाला गाडीत बसवलं. "शॉट चुकतात, काका. दर सीझनला दहा चुकलेले बघते मी. पण सकाळी हा आकडा सांगितला असता, तर ते झाडीत बसल्या जागी गेलं असतं. इथवर त्याला आपण पळवलं. मीसुद्धा." शेवटचा शब्द तिने जरा चिडून उच्चारला. एकनाथराव सॉरी म्हणाले. ती गाडी सुरू करत होती, तिने ऐकलं की नाही ते कळलं नाही.

त्या सीझनला ते पुन्हा मचाणावर चढले नाहीत. ग्रूपवर कोणी विचारलं, तेव्हा त्यांनी लिहिलं की उजवा खांदा धरलाय. संध्याने ते वाचलं आणि फिजिओथेरपिस्टची अपॉइंटमेंट घेऊन टाकली. खांद्याला काहीही झालेलं नव्हतं. तरी एकनाथराव सहा आठवडे नेमाने गेले आणि रोज सकाळी दाराच्या कडीला रबरी पट्टा अडकवून, सांगितलेले वीसच्या वीस ताण मोजून घेत राहिले.